काकांची लाल पाटी

नसलेल्या वायरीचा शॉक बसेल म्हणून जपणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचा सगळा जन्म चाकणच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल उघडण्यात गेलेला. कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर गेले, तसे काका चिंचवडच्या ऑफिसात आले. काम काय, तर कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला नेटवर्क कार्ड जोडायचं. तेही हातात धरायचं कार्ड नव्हे. एका ओळीची कमांड टाइप केली की लागलं. पण काका आधी हातातलं कडं काढणार, रबरी तळाचे बूट चढवणार, मग सर्व्हरचं नाव आणि कार्डाचा नंबर आरतीसारखा मोठ्यानं म्हणत एका बोटानं टाइप करणार. माऊसला शिवायचे नाहीत. "माऊसनं दाबल्यालं कुटं जातंय कळत न्हाई राव. लिवल्यालं कसं, डोळ्यापुढं ऱ्हातं." एंटर मारला की मॉनिटरच्या पाठीला हात लावून म्हणायचे, "लागलं कार्ड. ऊब आली बघ."

आणि ती पाटी! "माणूस काम करतोय, हात लावू नये" अशी कारखान्यातली लाल पत्र्याची पाटी ते माझ्या मॉनिटरला अडकवायचे, कारण तेच सर्व्हर मलाही चालवता यायचे. नियम एकच: ज्यानं लावली त्यानंच काढायची. मी चार लोकांना बोलावून हसायचो.

एकदा ट्रकांची चलनं, म्हणजे माल गेटबाहेर न्यायची कागदं, छापणाऱ्या सर्व्हरचं जुनं कार्ड काढून, पाटी लावून, काका नव्याचा नंबर विचारायला वरच्या मजल्यावर गेले. तेवढ्यात साहेबांचा फोन: चलनं का अडकली? माझी नोकरी पक्की व्हायची होती, सही साहेबांचीच. मी मोठा शहाणा! पाटी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. कार्डाविना तो धड उठलाच नाही. संध्याकाळपर्यंत ट्रक गेटवर उभे.

"पाटी लावली नव्हती का?" साहेब काकांवर गरजले. माझ्या ड्रॉवरमधून पाटीची दोरी बाहेर लोंबत होती. काकांनी ती पाहिली.

"लावायची ऱ्हायली, साहेब. वय झालं."

जन्मात कधी पाटी न विसरलेल्या माणसानं सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली, आणि मी ती दोरी गुपचूप ड्रॉवरमध्ये ढकलली. नंतर माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "आदी पाटी दे इकडं."

माझी नोकरी पक्की झाली. पुढं काका रिटायर झाले. शाल-नारळ घेऊन निघताना त्यांनी पाटी माझ्या मॉनिटरला अडकवली.

"अहो काका, पाटी!"

"ऱ्हाऊ दे. यीन की काढाया."

अजून आले नाहीत. ऑफिसात नवीन आलेले लोक हसतात, पाटी काढायला हात पुढं करतात, आणि मी त्यांच्या अंगावर धावून जातो. एकदा काढली होती, तेवढं पुरे झालं.