पंचफुलाच्या हातातला श्वास

एकोणीसशे साठच्या दशकात पंचफुला अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. धामणगावचं माहेर आई-बापांसोबत सरलं होतं. नवरा कामासाठी म्हणून नागपूरला गेला, तो तिथंच दुसरा संसार मांडून बसला. सुटीच्या दिवशी क्वार्टरवर कुणाशी एक शब्दही न बोलता तिचा दिवस मावळायचा.

एका पावसाळ्यात खेड्यातून पार्वताबाई नावाच्या म्हातारीला आणलं. मण्यार चावलेली, पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास थांबत आलेला. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि त्या नळीला रबरी फुगा जोडला. श्वास देणारं यंत्र दवाखान्यात नव्हतं. नर्सांनी पाळीपाळीनं फुगा दाबायचा, सोडायचा. दिवसाची पाळी पंचफुलाची.

दाबता दाबता ती बोलू लागली. या बाईला कुठं काही कळतंय, असं तिला वाटलं. नवऱ्याचं सांगितलं. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या लेकीचंही सांगितलं, जे तिनं कुणाजवळ काढलं नव्हतं.

एका सकाळी फुगा जड झाला. मनगटं भरून आली, तरी छातीची डावी बाजू हलेना.

"साहेब, फुगा दबूनच नाही राह्यला."

डॉक्टरांनी छातीवर बोटं ठोकली. डावीकडे बद्द आवाज आला. फासळ्यांमधून सुई घातली, तर पिवळं पाणी निघालं.

"जुनं दुखणं दिसतं. फुप्फुस दाबून धरलं होतं या पाण्यानं."

बाटली हळूहळू भरत गेली, तसतसं पंचफुलाच्या तळव्याखालचं रबर मऊ होत गेलं. तेवढ्याच जोरात आता जास्त हवा जात होती. डावी बाजूही हलू लागली.

"ओठ अजून निळेच हायेत, साहेब."

"पाणी निघालं म्हणजे लगेच सारं सुधारतं असं नाही. दबलेलं फुप्फुस उघडायला वेळ लागतो. तुम्ही दाबत राहा."

ती दाबत राहिली. काही दिवसांनी पार्वताबाईचा स्वतःचा श्वास परतला, पुढं नळी निघाली, आवाज आला. मुलगा देवीदास दमणीला बैल जुंपून न्यायला आला, तेव्हा तिनं पंचफुलाला जवळ बोलावलं.

"पोरी, मले सारं आयकू येत होतं. डोये उघडत नव्हते, एवढंच."

पंचफुलानं मान खाली घातली.

"नाव काय ठेवणार होती तू तिचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"शकुन."

"चांगलं हाय," म्हणत पार्वताबाईनं तिचा हात जरा वेळ धरून ठेवला. मग देवीदासनं हाक मारली.

पार्वताबाई पुन्हा कधी दिसली नाही. त्या संध्याकाळी पंचफुलानं एकटीपुरती भाकर थापली आणि रिकाम्या खोलीत ते नाव आणखी एकदा उच्चारून पाहिलं.