हॉस्पिटलच्या वळणावरची जागा

नोव्हेंबर लागला की मकावच्या रस्त्यांच्या कडेला मोटारींच्या शर्यतीसाठी लोखंडी कठडे उभे राहतात आणि क्वोककाकांची मान ताठ होते. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, तीही शर्यतीच्या गाड्या धावतात त्याच रस्त्यांवरून. तेवढ्या भांडवलावर ते चहाच्या दुकानात बसून अख्ख्या गल्लीला शर्यत बघायच्या जागा वाटायचे, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

"लिस्बोआ हॉटेलचं वळण?" मग नाकातून एक लांब हवा. "तिथं पर्यटक जातात. माझं ऐका. वेग कुणीही बघतो. ब्रेक बघता आला पाहिजे." हे म्हणताना उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा.

यंदा काका निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही हाँगकाँगचे याउसाहेब. घड्याळांचा धंदा, आवाज असा की प्रत्येक वाक्याला हमीपत्र जोडलेलं. पहिल्याच जेवणात ते म्हणाले, "अशा शर्यतींसाठी मी चार देश फिरलोय. पण मकावात नीट कुठून दिसतं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही."

काकांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "मला येतं."

झालं. अब्रू टेबलावर, भाजलेल्या बदकाच्या शेजारी.

मग तीन आठवडे पाहणी चालली. मी आणि माझी फोंगमावशी राहतो ती इमारत हॉस्पिटलच्या वळणावर. गच्चीला शर्यतीच्या दिवसांत कुलूप, म्हणून काकांनी पहिल्या मजल्याखालच्या जिन्याची खिडकी पक्की केली. रोज संध्याकाळी यायचे, एक डोळा मिटून उभे राहायचे. बस आली की मावशीला हाक मारायचे.

"बघ फोंग, ड्रायव्हरची कॉलरसुद्धा दिसते इथून."

"कॉलर बघून काय करणार? इस्त्री?"

शर्यतीच्या दिवशी याउसाहेब दुर्बीण लावून हजर. काकांनी त्यांना खिडकीत असं बसवलं, म्हणजे उभंच केलं, की जणू फोटो काढायचाय. "डावा खांदा भिंतीला. हनुवटी वर. आता हलायचं नाही."

आवाज आला. काचा थरथरल्या. आवाज गेला. समोर कुंपणाची भिंत होती, तिच्यावर आभाळ होतं, आणि बाकी काही नव्हतं. दुसरा आवाज आला नि गेला. तिसराही.

याउसाहेबांनी दुर्बीण जरा फिरवली. "अं... काय सुंदर वळला."

"ब्रेक बघितलात?"

"बघितला ना. उशिरा मारला."

"किंचित उशिरा," काका म्हणाले.

पाव तास दोघांनी त्या भिंतीचं असं कौतुक केलं की गवंड्याला भरून आलं असतं. तेवढ्यात मावशी भाजी घेऊन जिना चढत आली आणि दोघांच्या मधून डोकावली.

"काय बघताय?"

"शर्यत," दोघं एकदम.

"ही भिंत आहे." तिनं पिशवी खाली ठेवली आणि काकांना नावानंच हाक मारली. "अरे सेंग-फात, तू तीन आठवडे बसा बघितल्यास. बस केवढी उंच. ह्या गाड्या माझ्या गुडघ्याला लागतात. दरवर्षी कुठून बघायचास तू?"

काका खिडकीच्या कडीशी खेळत राहिले. "ड्यूटी असायची. शर्यतीच्या दिवशी बस वरच्या रस्त्यानं वळवायचे."

"एकतीसही वर्षं?" याउसाहेबांनी दुर्बीण खाली घेतली.

"सुट्टी मागितली होती. दोनदा."

आता व्याही हसणार, आणि मग लग्नाच्या मांडवापर्यंत हसत राहणार, हे काकांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. पण याउसाहेब दुर्बिणीची काच रुमालानं पुसायला लागले. बराच वेळ पुसली.

"चार देश फिरलो खरा," ते म्हणाले, "पण घड्याळं विकायला. शर्यत हॉटेलच्या टीव्हीवर."

मावशीनं घरातून स्टूल आणून खिडकीशी ठेवलं.

"चढा, तुम्ही पाहुणे," काका म्हणाले.

"छे, तुम्ही वयानं मोठे."

"मुलीचा बाप मी, मी खालीच बरा."

"असं कसं, जागा तुमची."

ह्या मानपानात सहा गाड्या गेल्या. सातवीच्या आवाजाला मावशीनं चपला काढल्या आणि स्वतःच स्टुलावर चढली.

"लाल गेली," ती म्हणाली. "आता निळी. स्टूल हलवू नका रे."

दोन्ही व्याह्यांनी स्टुलाचा एकेक पाय घट्ट धरला.

"ब्रेक मारला का?" काकांनी खालून विचारलं.

"मला काय माहीत. अंग चोरून गेली."

"म्हणजे मारला," याउसाहेब म्हणाले.

"किंचित उशिरा," काका म्हणाले.