अकरा मिनिटांचं बोलणं

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. अल मुंतझा वस्तीत एका खोलीत एकटा राहायचो. त्याच इमारतीत गुहागरकडचा एक क्रेनचालक होता. बायकोला वाचता येत नसल्यामुळे तो दर शुक्रवारी तिच्यासाठी पत्राऐवजी बोलून कॅसेट भरायचा.

त्या वर्षी एका कंपनीने कामगारांवर माहितीपट करायला कॅनडाहून एक बाई बोलावल्या. पूर्व किनाऱ्यावरच्या फ्रेंच बोलणाऱ्या छोट्याशा समाजातल्या. चारी बाजूंना इंग्रजी. आपल्या गावच्या कोळ्यांवर त्यांनी तीन माहितीपट केले होते. चौथ्यासाठी कोणी पैसे देईना. इथलं काम पसंत पडलं तर आणखी दोन मिळणार होती.

क्रेनचालकाने चित्रीकरणाला परवानगी दिली. ‘साहेब, माझी बायको आता थेटरात ऐकायची मला,’ असं म्हणून तो हसला. बाईंनी त्याला कॅसेट भरताना पाठमोरा चित्रित केला. भाषांतर माझ्याकडे आलं. मी अर्धं पान टाईप करून दिलं. बाईंनी कागद वाचला आणि घड्याळ माझ्यासमोर ठेवलं.

“अकरा मिनिटं बोलला तो. बाकीचं कुठे आहे?”

मी सांगितलं की तेच तेच होतं. शिवाय प्रत्येक प्रश्नानंतर तो गप्प बसतो, समोरून उत्तर येणार असल्यासारखा. ते काय लिहायचं?

“माझे आजोबा कोर्टात सकाळभर फ्रेंचमध्ये बोलले,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत त्याच्या दोन ओळी झाल्या.”

पुढचे तीन दिवस मी परत ऐकलं. जेवतेस का, हे त्याने सात वेळा विचारलं होतं. प्रत्येक थांबण्याचे सेकंद मी लिहून दिले.

बाईंनी सगळं ठेवलं, त्याचाच आवाज, खाली इंग्रजी ओळी. कंपनीला दोन मिनिटं हवी होती, वर इंग्रजी निवेदन. त्यांनी नकार दिला. पुढची दोन कामं दुसऱ्याकडे गेली आणि आठवड्याभरात त्या परतल्या.

दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. गावच्या शाळेत शिकवत होत्या. त्यानंतर एकही माहितीपट केला नव्हता. शेवटी विचारलं होतं, तिथे तुमच्याशी मराठीत बोलायला कोणी आहे का. क्रेनचालक तोवर गावी परतला होता. मी उत्तरात उकाड्याबद्दल आणि पेपरच्या नव्या छपाईयंत्राबद्दल लिहिलं.