खोपोलीत मालवाहतूक शिकवताना

शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच. माझ्याकडे जरा जास्त साठले, कारण माझा विषयच तसा. मालवाहतूक आणि गोदाम! माल वेळेवर पोचला तर त्याची आठवण कुणी काढत नाही. वाटेत अडकला, सांडला, पेटता पेटता राहिला, की वर्षानुवर्षं लोक तेच बोलतात. जुने विद्यार्थी भेटले की आमचंही तेच होतं. चहा निवतो, पण कुणी उठत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात, माल रवाना करायच्या खात्यात मी काही वर्षं काढली होती. खोपोलीतल्या एका संस्थेनं शनिवारी दुपारी या विषयाचा वर्ग काढला आणि शिकवायला मला बोलावलं. हाती दिलेलं पुस्तक परदेशी बंदरांवरचं. पहिल्याच तासाला मी त्यातलं बर्फात अडकलेल्या जहाजाचं उदाहरण दिलं, तर वर्ग माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच बर्फात अडकलेय. त्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं. पुढे दर शनिवारी आसपास घडलेली एक खरी घटना घ्यायची, ती ऐन वळणावर थांबवायची आणि वर्गाला पुढचं विचारायचं. कधी ज्याच्यावर ती गुदरली त्यालाच बोलवायचं, कधी वर्ग घेऊन तिकडे जायचं. वर्गात कारकून होते, ड्रायव्हर होते, मुकादम होते. निम्मे तर माझ्याहून वयानं मोठे.

*

त्यांच्यातले सगळ्यात वडील म्हणजे तात्या ठोंबरे. हमालांचे मुकादम. एकदा वर्ग घेऊन मी मोहोपाड्याचं एक गोदाम दाखवायला गेले. आत सॉल्व्हंटची पिंपं छतापर्यंत रचलेली. वासानंच डोकं जड व्हावं. फाटकावर पहारेकऱ्यानं सगळ्यांच्या काडेपेट्या काढून घेतल्या होत्या.

फोरमन पिंपांच्या दोन रांगांत अंतर का ठेवतात ते सांगत होता. मी सहज मागे वळून पाहिलं. तात्या एका पिंपाला टेकून उभे. तोंडात बिडी, डाव्या हातात दुसरी कुठली तरी काडेपेटी, उजव्या हातात काडी. सवयीचा हात तो, डोकं फोरमनच्या बोलण्यात. काडी पेटीला टेकलीच होती.

ओरडले असते तर ते दचकले असते आणि काडी ओढली गेली असती. माझ्या तोंडून हळूच निघालं, "तात्या, एक मलापण द्या."

त्यांचा हात जिथल्या तिथे थांबला. बाईमाणसानं बिडी मागितलेली त्यांनी जन्मात ऐकली नसावी. मी चालत गेले, बोटांतली काडी घेतली, मग पेटी, मग बिडी, आणि तशीच फाटकाबाहेर आले. तिथं मात्र मी कट्ट्यावर बसले. आत फोरमन जमिनीवरच बसला होता, असं नंतर कळलं.

थोड्या वेळानं तात्या आले. चेहरा उतरलेला. वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी कुनाला सांगनार नाय."

मी विचारलं, काय सांगणार नाही?

"तुमी बिडी ओढता ते."

*

एका कारखान्याचे वाहतूक मॅनेजर वर्गात येऊन गेले, तो शनिवार मात्र हसण्यासारखा नव्हता. संप चालू असताना माल कसा बाहेर काढला, हे त्यांना सांगायचं होतं. फळ्यावर त्यांनी कारखान्याचा नकाशा काढला. पुढच्या फाटकावर संपवाले बसलेत, म्हणून ट्रक मागच्या फाटकानं काढले, दंगा नाही, मारामारी नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगितलंही छान. पोरं लिहून घेत होती.

शेवटच्या बाकावरून नामदेव भोईर उठला. हा टेंपो चालवायचा, फारसा बोलायचा नाही. तो थेट फळ्यापाशी गेला. मॅनेजरच्या हातातला खडू मागून घेतला आणि मागच्या फाटकाजवळ एक लहानसं वर्तुळ काढलं.

"हितं माझी आई बसलेली. बापाची भाकर घेऊन आलेली. ट्रक मागं आला, पाय गेला तिचा."

मॅनेजरनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. मला हे कधीच कळवलं गेलं नाही, एवढंच ते म्हणाले. नामदेव खडू ठेवून जागेवर जाऊन बसला. त्याची मूठ बाकावर आवळलेली. आता हा उठतो की काय, या धास्तीनं तास संपेपर्यंत माझी नजर त्या मुठीवर होती.

तास सुटला. मॅनेजरची गाडी दारात उभी होती, पण ते गाडीत बसले नाहीत. नामदेवला त्यांनी विचारलं, घर कुठं? दोघं पायीच गेले. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मॅनेजरना मी पुन्हा बोलावलं. नकाशा काढायला त्यांनी सुरुवात केली ती त्या वर्तुळापासून.

*

कशेळ्याहून दूधसंकलनाचे एक सुपरवायझर आले होते. त्यांची घटना भर पावसाळ्यातली. दुधाचे कॅन कर्जत स्टेशनात येऊन पडलेत, पुढं रुळांवर पाणी, गाड्या बंद. दूध दुपारपर्यंत टिकेल. काय कराल?

वर्ग तापला. कुणी म्हणालं बर्फ आणू, कुणी म्हणालं खवा करू, कुणी ट्रकनं घाटावर पाठवायला निघालं. सुपरवायझर हसत ऐकत होते. शेवटी त्यांनी खरं काय झालं ते सांगितलं. वरून हुकूम आला नाही, दूध नासलं, सगळं ओढ्यात ओतलं.

जोशी नावाचे एक पार्सल कारकून पहिल्या बाकावर बसायचे. त्यांनी विचारलं, "गाडी कुठल्या फलाटावर अडकली होती?"

"समोरच्याच."

"रिकामी?"

"छे हो, खच्चून भरलेली. पोरांच्या रडण्यानं कान किटले."

जोशी खाली बसले. सुपरवायझरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी तास तिथंच सोडला.

*

नंतर एका कंत्राटदारानं आमच्या वर्गाला खरंच काम दिलं. एका कारखान्याचं अवजड यंत्र ट्रेलरवरून गावातून न्यायचं होतं. रस्ता आधी पाहून ठेवायचा. तात्या आणि जोशींनी तारा पाहिल्या, झाडं पाहिली, मोऱ्या ठोकून पाहिल्या. सगळं जमत होतं.

ट्रेलर आला त्या सकाळी रस्त्यावर लग्नाची कमान उभी! आदल्या दिवशी नव्हती. ट्रेलर चढावर थांबला, चाकांमागे दगड लावले. ड्रायव्हरनं खाली येऊन सांगितलं की दगड सरकताहेत, फार वेळ धरणार नाहीत. मागे उतारावर घरं होती. लोकांनी माणसं बाहेर काढायला सुरुवात केली. आणि नवरीचे वडील कमानीखाली हात जोडून उभे. मुहूर्ताआधी कमान उतरवली तर पोरीला अपशकुन होईल, तेवढं सांगू नका, म्हणत होते. कंत्राटदार त्यांच्या अंगावर धावून गेला.

तात्यांनी त्याला बाजूला केलं आणि बापाला म्हणाले, "उतरवू नका. वर उचला."

मांडवाचे बांबू आले. वऱ्हाडी, वाजंत्री, माझा अख्खा वर्ग, सगळ्यांनी कमान खांबांसकट उचलून धरली. खालून ट्रेलर हातभर हातभर सरकत होता. यंत्राचा माथा झेंडूच्या माळांना घासत गेला. इंजिनाच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. शेवटचं चाक पलीकडे गेलं तेव्हा जोशी रडत होते.

तेवढ्यात मांडवातून एक म्हातारी बाहेर आली. माळा लागलेलं ते अजस्र यंत्र तिनं डोळ्यांवर हात धरून नीट न्याहाळलं आणि विचारलं, "रुखवत कुनाकडचं हाय रं?"

*

सुमन आमच्या वर्गातली एकमेव सून. मॅट्रिक झालेली, नवरा कारखान्यात. नवऱ्यानंच तिचं नाव घातलं होतं. सासऱ्यांना, आण्णांना, ते पसंत नव्हतं. ते तिला वर्गापर्यंत आणून सोडायचे आणि सुटेपर्यंत ओसरीवर बसून राहायचे. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, की मान वर करायची नाही. वर्गातही कधी बोलली नाही. रस्त्यात टँकर गळायला लागला तर काय, हा धडा झाला, तेव्हाही ती नुसती ऐकत होती.

एका सकाळी मी खालापूरकडून एसटीनं येत होते. पुढच्या बाकावर आण्णा. शिळफाट्याच्या अलीकडे गाडीनं करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध एक बाई दोन्ही हात पसरून उभी. नाकातोंडाला ओला कपडा, शेजारी पाण्याची बादली. तिच्या मागे दूरवर एक टँकर, आणि त्यातून निघालेला पांढरा धूर जमिनीलगत आमच्याकडे सरकत होता.

ती सुमन होती. तिचं घर तिथंच, रस्त्यालगत.

ती ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी मागं घ्या. अमोनिया हाय, वारा हिकडंच येतोय." कंडक्टर तिला बाजूला व्हायला सांगत होता. मागून ट्रकांचे भोंगे सुरू झाले होते.

आण्णा खाली उतरले. मीही त्यांच्यामागे उतरले. ते तरातरा तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "रस्त्यात काय उभी राहतेस? घरी चल."

सुमनचा हात सवयीनं पदराकडे गेला. तिनं पदर डोक्यावर घेतला. पण मान वर होती. तिनं थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मामा, तुमी मागं फिरा. आदी तुमी."

माझे डोळे चुरचुरायला लागले होते. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या धुराकडे. खांद्यावरचा पंचा काढला, बादलीत बुडवला, नाकाला बांधला. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "गाडी मागं घे. सूनबाई सांगतेय ना."

गाडी मागे गेली. मी बायकामुलांना माळावर नेत होते. कारखान्यातली माणसं येऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत ती दोघं रस्त्यावरून हलली नाहीत. कुणालाही काही झालं नाही.

मध्येच एक परगावचा ट्रकवाला अडला. खिडकीतून डोकं काढून तो आण्णांवर खेकसला, "हटो बुढ्ढे, तू कौन है रोकनेवाला?"

आण्णांनी पंचा जरा खाली केला.

"मी? मी हिचा सासरा."