खोडायचं बटण

हर्सूलच्या रस्त्याला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. वडील गेल्यावर त्यांचं मशीन मी त्याच्याकडं नेलं. मशीन उघडण्याआधी तो कीबोर्डची सगळी बटणं काढून साबणाच्या पाण्यात टाकतो आणि ताटात उन्हाला ठेवतो. "माणसाचा हात इथंच लागतो ना," एवढंच म्हणाला.

मी घ्यायला गेलो तेव्हा मशीन सुरू झालं होतं, बटणंही बसली होती. फक्त एक त्याच्या तळहातावर होतं. खोडायचं बटण. झिजून मधोमध खड्डा पडलेला.

"वडील काय लिवायचे यावर?"

"मला पुण्याला मेल. नेहमी एकच ओळ, इकडे सगळं ठीक आहे."

त्यानं खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "एका ओळीनं एवढं झिजत नाय, भाऊ. लई लिवत असतील. मग खोडत असतील."

मीही त्या खड्ड्यावर बोट ठेवून पाहिलं.

"नवं हाय माझ्याकडं. बसवू?"

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यानं जुनंच बसवलं. मग चालतंय ना ते एकेक बटण दाबून दाखवलं. ते एक मात्र दाबलं नाही.