जुहूच्या वाळूतला तो शॉट

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी तेव्हा सिनेमांत नायकाच्या धाकट्या भावाची कामं करत असे. एकदा जुहूच्या किनाऱ्यावर शूटिंग होतं. आमच्या आईचं काम करणाऱ्या बाई साठीच्या होत्या. मुलगा बुडाल्याचं कळताच त्यांनी वाळूत कोसळायचं होतं. पहिल्याच वेळी बाई अशा कोसळल्या की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पण दिग्दर्शकसाहेब छत्रीखाली नायकाशी गप्पा मारत होते. त्यांनी बघितलंच नव्हतं.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले.

बाई पुन्हा पुन्हा पडत राहिल्या. शेवटी गुडघा फुटून पातळाला रक्त लागलं, तर साहेब म्हणतात, "पातळ बदला रे, रक्त दिसतंय!"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, पहिला शॉट उत्तम होता! तुमचं लक्ष नव्हतं!"

"मग तूच कर ना दिग्दर्शन!"

"करीन! आणि डोळे उघडे ठेवून करीन!"

बाईंना मी टांग्यात घालून जोगेश्वरीला त्यांच्या घरी पोचवलं. माझं काम अर्थातच गेलं. मग एका भल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली राबलो, शिकलो आणि माझ्या पहिल्याच चित्रपटात बाईंना आईची भूमिका दिली. त्यांचा प्रत्येक शॉट मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून पाहिला.

पुढे त्या साहेबांचा सत्कार झाला. "नटांकडून जीव ओतून काम करून घेणारा माणूस," असं कुणीतरी भाषणात म्हणालं. लोक टाळ्या वाजवत होते. मी सरळ उठून बाहेर पडलो.