खालच्या पट्टीतली उत्कर्षा

उत्कर्षा हर्डीकरशी माझी ओळख इस्त्री करता करता झाली. २०११ साल असेल. दुसऱ्या दिवशी आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या नाटकाचा प्रयोग होता, कपडेपट सांभाळायला मी एकटीच होते, आणि यिशुनला नुकतीच राहायला आलेली एक उंच, सावळी बाई कुणाच्या तरी सांगण्यावरून मदतीला आली होती. साड्यांचा ढीग तिने पुढ्यात ओढला आणि कामाला लागली. रंगमंचावर तालीम चालू होती. मध्येच एकजण वाक्य विसरला. उत्कर्षाने इस्त्री न थांबवता ते वाक्य पुटपुटलं. तिने ते त्या संध्याकाळी एकदाच ऐकलं होतं.

"तू नाटकात काम करायचीस का गं?" मी विचारलं.

"करायचे," ती म्हणाली आणि पुढची साडी घेतली.

बाकीचं मला हळूहळू कळत गेलं. ती सांगलीची. कॉलेजात असल्यापासून राज्य नाट्य स्पर्धेत कामं करायची, अभिनयाचं रौप्यपदकही मिळालं होतं. त्यावरून एका मराठी सिनेमात तिला नायिकेच्या बहिणीची भूमिका मिळाली. चित्रीकरण झालं, डबिंगला बोलावतो म्हणाले, आणि बोलावलंच नाही. सिनेमा सांगलीत लागला तेव्हा सगळं घर नटूनथटून बघायला गेलं. पडद्यावर उत्कर्षाने तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच कुणाचातरी बारीक, मंजुळ आवाज आला. मध्यंतरात तिच्या वडिलांनी विचारलं, "तुला तेव्हा सर्दी झाली होती का गं?"

तिने नंतर फोन करून विचारलं, तेव्हा दिग्दर्शकाने सरळच सांगितलं. चेहरा गोड आहे, पण आवाज पुरुषी वाटतो. त्या आवाजावर नाट्यगृहात टाळ्या पडल्या होत्या. पण उत्कर्षाच्या मनातून काही ते गेलं नाही. ती चारचौघांत कमी बोलू लागली, आणि बोललीच तर आवाज वर चढवून, ओढूनताणून. त्यानंतर तिने भूमिका घेतली नाही.

विश्वासशी लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "मी सिनेमे फारसे बघत नाही." तिला तेच बरं वाटलं. विश्वास जहाजावर इंजिनीयर. चार-चार महिने समुद्रावर, मग काही आठवडे घरी. कंपनीचं ऑफिस सिंगापूरला होतं म्हणून बिऱ्हाड इथे आलं. यिशुनच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उत्कर्षा आणि तिची लहानगी अवनी, दोघीच असायच्या.

समोरच्या दारात गोह आंटी राहायच्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीकडे झुकलेलं, आणि पायात लालभडक काउबॉय बूट. पहिल्यांदा लिफ्टमध्ये ते बूट बघून उत्कर्षाला हसू आवरेना. दर शनिवारी दुपारी त्या जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये लाइन डान्सला जायच्या. विश्वास जहाजावर गेला, घर सुनं झालं, तेव्हा त्या एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "नुसती घरात बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर. मुलीलाही घे."

तिथे हॉलमध्ये आपल्या आज्यांच्या वयाच्या बायका आणि दोन-चार आजोबा, डोक्यावर हॅट घालून, रांगेत उभे राहून एका ठेक्यावर पावलं टाकत होते. एरवी गाणी स्पीकरवर लागायची. पण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मेल्विन शेफर्डसन गिटार घेऊन यायचा. हा सिंगापूरचाच युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचा, जुना बँडवाला. आयुष्यभर अमेरिकेतली कंट्री, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतली गाणी गात आला होता, अमेरिका मात्र त्याने कधी बघितली नव्हती.

उत्कर्षा नाचली नाही. खुर्चीवर बसून शब्द ऐकत राहिली. त्या रात्री तिने मला फोन केला. "अगं, यात काही दडवतच नाहीत! बाई सरळ सांगते, नवरा गेला, भांडी घासून झाली, कुत्रं अजून दाराशी बसलंय. एवढंच. आणि तेवढंच पुरतं."

पुढच्या महिन्यात तिने मेल्विनला विचारलं, "मला शिकवाल?"

मेल्विनने तिच्या बोटांकडे बघितलं. "दुखेल," तो म्हणाला.

दुखलंच. अवनीला शाळेत सोडून आली की उत्कर्षा गिटार घेऊन बसायची. पोर घरी आली तरी तेच. "ममा, अगेन सेम कॉर्ड? एनफ लाह!" असं अवनी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, कानांवर उशी धरून ओरडायची. वर्षभराने मेल्विनने तिला क्लबात गायला उभं केलं. उत्कर्षा नटीच ती. गाणाऱ्या अमेरिकन बायकांचे उच्चार, श्वास, शब्दाच्या शेवटी आवाज तुटतो ती लकबसुद्धा तिने हुबेहूब उचलली होती, आणि आवाज नेहमीसारखा वर चढवला होता. टाळ्या पडल्या. हॉल रिकामा झाल्यावर मेल्विन म्हणाला, "नक्कल झकास करतेस. पण ही बाई कोण? टेक्सासची? तिला घरी पाठव. मला यिशुनवाली हवी."

"यिशुनवालीचा आवाज बरा नाही."

"कोण म्हणतं?"

तेव्हा तिने त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली. मेल्विनने ऐकून घेतली, गिटारच्या खुंट्या पिळून सगळ्या तारांचे सूर खाली उतरवले आणि म्हणाला, "आता गा. वर जायला जागाच ठेवलेली नाही."

पुढच्या वेळी ती तशीच, खालच्या पट्टीत गायली. मी मुद्दाम माझ्या सेरंगूनच्या घरून ऐकायला गेले होते. तो आवाज वर्णन करून सांगणं कठीण आहे. जाड आहे, थोडा खरखरीत आहे, आणि तो जमिनीवरून चालत आपल्याकडे येतो. गाण्यात एक जागा आहे, तिथे नाचणाऱ्यांनी डावीकडे वळायचं असतं. अर्धी रांग वळलीच नाही. गोह आंटी भानावर आल्या तेव्हा त्यांचं तोंड बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेला होतं.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी विश्वासला पाठवलं. उत्कर्षाला धीर झाला नसता. जहाजावर इंटरनेट कसंबसं चालायचं, त्यामुळे त्याचं उत्तर यायला बरेच दिवस गेले. त्याने लिहिलं होतं की जहाजावरच्या फिलिपिनो खलाशांना कंट्री गाण्यांचं भारी वेड. त्यांनी हे गाणं इतकं वाजवलं की आता इंजिनरूममधला पोऱ्यासुद्धा ते गुणगुणतो. गाणारी कोण, असं त्यांनी विचारलं. माझी बायको म्हणून सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवेना.

त्यानंतर तिने स्वतः गाणी लिहायला घेतली, आणि तीही मराठीत. ठेका मेल्विनचा, शब्द तिचे. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की नांगरलेल्या जहाजांची रांगच्या रांग दिसते. विश्वासचं जहाज येणार असलं की ती अवनीला घेऊन तिथे जायची. तिचं पहिलं गाणं तिथलंच आहे:

ओळीनं जहाजं उभी बाई, दिवे लागले साऱ्यांना,
यातलं माझं कुठलं, मी विचारू तरी कुणा?
एक दिवा विझला वाटतं, एक पुढं सरकला,
डाळ शिजत ठेवून आलेय, उशीर झाला घरला.

क्लबातल्या चिनी आज्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी त्याच्यावर पावलं बसवली आणि त्या नाचाला नाव दिलं 'दाल डान्स'. हळूहळू बोलावणी येऊ लागली. एका उपाहारगृहाने दर शुक्रवारी गायला बोलावलं, पण ती नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर होती, नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून तिने नाही सांगितलं. त्याचं तिला वाईट वाटलं.

२०१५ मध्ये आमच्या मंडळाच्या प्रबोधने नवीन नाटक लिहिलं. प्रबोध आयटीतला मॅनेजर, क्वीन्सटाउनला राहायचा आणि नाटकापायी शनिवार-रविवार घरच्यांना दिसायचा नाही. नाटक होतं बंदरावर खानावळ चालवणाऱ्या एका बाईचं. त्याने संहिता उत्कर्षाच्या हातात दिली.

"प्रबोधदादा, मी कपडेपट बघते," ती म्हणाली.

"वाच तर."

"वाचायचं काय त्यात? माझा आवाज नायिकेचा नाही."

"नायिका मागितलीये कुणी?" प्रबोध वैतागला. "बाई पाहिजे. दिवसभर चुलीपुढे उभी राहून, गिऱ्हाइकांवर ओरडून जिचा घसा बसलाय अशी. तुझं गाणं ऐकलं आणि मग हे लिहिलं. तू नाही म्हणालीस तर पुढच्या वर्षी विनोदी एकांकिका करू, झालं."

ती आठवडाभर संहिता घेऊन फिरली आणि मग तालमीला आली. इस्त्रीचं काम परत माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मेल्विनला पक्षाघाताचा झटका आला. शनिवारी सकाळी उत्कर्षा हॉस्पिटलात गेली. त्याची डावी बाजू लुळी पडली होती, तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. थोड्या वेळाने त्याने उजवा हात उचलून दाराकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, नर्सला बोलवायचंय. त्याने मान हलवली आणि पुन्हा दाराकडे बोट केलं. मग तिच्या लक्षात आलं. आज प्रयोग आहे, जा.

ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी तिला नऊवारी नेसवली. पडदा उघडल्यावर चुलीपाशी पाठमोरी बसलेली ती उठली, वळली आणि पहिलं वाक्य म्हणाली. मी विंगेतून बघत होते. सभागृहातली कुजबुज थांबली. पुढचे दोन तास त्या बाईने आम्हाला हलू दिलं नाही.

विश्वास तेव्हा नेमका घरी होता. अवनीला घेऊन तो मागे भेटायला आला. सगळे कौतुक करत होते, हा मात्र हातातली कार्यक्रमपत्रिका उलटसुलट करत उभा. शेवटी उत्कर्षानेच विचारलं, "काय रे? नाही आवडलं?"

"एक सांगू का?" तो म्हणाला. "तो सिनेमा मी बघितला होता. लग्नाआधीच. मित्रांनी ओढून नेलं होतं, ही बघ तुला सांगून आलेली मुलगी म्हणून. तुला बघायला आलो तेव्हा मला वाटलं, तू तशीच किनऱ्या आवाजात बोलशील. तू गडबडीत आपल्या खऱ्या आवाजात 'चहा घेणार का' म्हणालीस आणि मला इतकं हायसं वाटलं!"

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू सिनेमाचा विषय काढायची नाहीस. मला वाटलं, नको."

उत्कर्षा आधी हसली, मग तिथेच कपड्यांच्या ट्रंकेवर बसून खूप रडली. अवनी घाबरून म्हणाली, "ममा, व्हाय यू क्राय? यू वेअर गुड, व्हॉट!"

ते नाटक बघून इथल्या एका इंग्रजी नाट्यसंस्थेने तिला बोलावलं. परवानगीची कागदपत्रं त्यांनीच केली, आणि त्यांच्याकडे तिने पुढे बऱ्याच भूमिका केल्या. कधी आई, कधी शेजारीण, आणि एकदा तर न्यायाधीश. कुटुंबाला पर्मनंट रेसिडन्सी मिळून कामाची मोकळीक झाल्यावर त्या उपाहारगृहातल्या शुक्रवारांनाही तिने होकार दिला. २०१७ मध्ये तिचा छोटासा अल्बम निघाला. निम्मी गाणी मराठी, निम्मी इंग्रजी. तो फार खपला असं नाही, पण जहाजावरच्या मंडळींनी तो मनिलापर्यंत पोचवला.

मेल्विनला बोलता येऊ लागलं, काठी घेऊन चालता येऊ लागलं. डावा हात मात्र परत आला नाही. गिटार त्याने कपाटात ठेवून दिली होती आणि कुणी विषय काढला की चिडायचा. उत्कर्षा दर मंगळवारी त्याच्याकडे डाळ-भात घेऊन जायची. एका मंगळवारी तिने कपाट उघडलं, गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. तिने गिटारच्या दांडीवरच्या तारा आपल्या बोटांनी दाबल्या.

"छेड," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"उजवा हात चालतोय ना? छेड मग."

पहिले काही आठवडे सगळा गोंधळच होता. ती बोटं बदलायची तोवर तो पुढे गेलेला असायचा, मग दोघं एकमेकांवर खेकसायची. पण मेल्विनची मान हळूहळू तिच्या बोटांकडे वळायची थांबली. तो डोळे मिटून वाजवू लागला.

२०१८ च्या एका शनिवारी दोघं क्लबात बसली. एकच गिटार, तारा छेडणारा हात त्याचा, सूर दाबणारा हात तिचा, आणि आवाज तिचा. कडव्याच्या शेवटी मेल्विनही मिळेल तेवढा सूर लावायचा. गाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ संथ झाली होती. नाचणाऱ्यांना एकेक पाऊल उचलून धरावं लागत होतं. संपल्यावर उत्कर्षाने गोह आंटींची माफी मागितली, लय फार पडली म्हणून.

"स्लो इज गुड लाह," खुर्चीत टेकत गोह आंटी म्हणाल्या. "माझे गुडघे खूश आहेत. पुढच्या महिन्यात पण असंच वाजवा."

तसंच ते वाजवू लागले.